अवधूत सरांची न फुटलेली काच

आमच्या अवधूत भावजींनी उभी नोकरी रसायनशास्त्र शिकवण्यात घालवली आणि त्यांच्या शाळेतली एक परीक्षानळीसुद्धा कधी फुटली नाही. हे वाक्य मी वर्षानुवर्षं ऐकते आहे. पाहुणे आले, चहा झाला, मुलांची लग्नं कुठवर आली ते विचारून झालं, की हे वाक्य येणारच. आधी ते स्वतः म्हणायचे. पुढे सुमंगला, म्हणजे माझी धाकटी जाऊ, म्हणायला लागली, आणि आता तर दारावर येणारा दूधवालाही म्हणतो, "तुमचे सर म्हंजे लय जपणुकीचे." काच का फुटली नाही, हे मात्र कुणी विचारत नसे. कारण अगदी सोपं होतं. ती कपाटाबाहेर येतच नव्हती.

परभणीत आमचं घर दोन मजली. खाली आम्ही, वर भावजी आणि सुमंगला. भावजी सकाळच्या गाडीने पिंगळीला उतरायचे आणि तिथून रिक्षाने पुढच्या एका गावात जायचे. त्या गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथली माणसं वाचणारी आहेत आणि परभणीच्या बाजारात भेटतात.

भावजी जिना उतरायला लागले की त्यांच्या आधी किल्ली ऐकू यायची. प्रयोगशाळेच्या कपाटाची ती पितळी किल्ली त्यांच्या जानव्यात असे. लोक जानव्यात तिजोरीची किल्ली अडकवतात, यांनी परीक्षानळ्यांची अडकवली. आंघोळीलाही ती तिथेच. श्रावणीला नवं जानवं घातलं की आधी किल्ली नव्या जानव्यात जायची, मग जुनं उतरायचं. मध्ये एक क्षणही ती कुणाच्या हाती लागू नये, असा बंदोबस्त.

सुमंगला एकदा म्हणाली होती, "त्या काचेला जेवढं जपता तेवढं मला कधी जपलंत का?"

"तू फुटत नाहीस ना," भावजी म्हणाले, आणि त्यांना वाटलं आपण कौतुक केलं.

हेच भावजी आधी असे नव्हते, म्हणून तर मला लिहावंसं वाटतं. मी नवी नवरी म्हणून आले तेव्हा ते कॉलेजात होते. एक दिवस दुपारी स्वयंपाकघरात आले, म्हणाले, "वहिनी, जरा इकडं बघा, पण डोळे बारीक करून." आणि चिमट्यात धरलेली मॅग्नेशियमची फीत त्यांनी माझ्या स्टोव्हवर पेटवली. असा पांढराशुभ्र उजेड मी जन्मात पाहिला नव्हता. भिंतीवरची तेलकट डागांची नक्षीसुद्धा दिसली. सासूबाई देवघरातून ओरडल्या, "मेल्या, घर जाळतो का?" भावजी नुसते हसत उभे होते. त्यांच्या तोंडावर तेव्हा जे होतं, ते पुढे फार वर्षं मला दिसलं नाही.

नोकरी लागली त्या पहिल्याच वर्षी एका मुलीच्या हातून चंचुपात्र निसटलं आणि तिचा तळवा चिरला. जखम चार दिवसांत भरली. पण तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी भावजींना सगळ्या शिक्षकांसमोर उभं करून लेखी खुलासा वाचायला लावला. काच कशी फुटली, का फुटली, पुन्हा फुटणार नाही याची हमी काय. मुलीच्या हाताबद्दल त्यात एक ओळ होती, काचेबद्दल दीड पान. भावजी हुशार माणूस, त्यांना यातून जे शिकायचं ते त्यांनी बरोबर शिकून घेतलं. त्या संध्याकाळी किल्ली जानव्यात गेली, आणि न फुटलेल्या काचेचा हिशोब तिथून सुरू झाला.

मग त्या शाळेत रसायनशास्त्र फार शिस्तीत सुरू झालं. प्रयोग फळ्यावर व्हायचे. कृती, निरीक्षण, अनुमान, सगळं भावजी सांगायचे आणि मुलं लिहून घ्यायची. निरीक्षण आधीच लिहून घेतल्यामुळे प्रयोग चुकायची भीती नसे. प्रयोगवहीतल्या आकृत्या इतक्या देखण्या की त्या गावच्या पोरींनी काढलेला बर्नर कुठल्याही खऱ्या बर्नरपेक्षा सुबक दिसायचा. खरा त्यांनी पाहिलेलाच नसल्यामुळे त्यात खोट काढायला वावच नव्हता. प्रयोगशाळेच्या दारावर भावजींच्या वळणदार अक्षरात पाटी होती, 'कृपया चपला काढून आत यावे.' आणि मुलं खरंच बाहेर चपला ओळीने काढून, आवाज न करता आत जाऊन, बंद कपाटासमोर मांडी घालून बसायची. बाहेरून जाणाऱ्याला वाटायचं, आत कीर्तन आहे.

कपाट वर्षातून एकदाच उघडायचं, खंडेनवमीला. त्या दिवशी आमच्या जिल्ह्यात हत्यारांची, अवजारांची पूजा असते. शेतकरी नांगर-कुळव पुजतो, वाणी तराजू पुजतो, शिंपी मशीन पुजतो, रिक्षावाला रिक्षाला झेंडूची माळ घालतो. शाळेत घंटा, पृथ्वीचा गोल आणि भावजींची काच. टेबलावर पांढरं कापड, त्यावर परीक्षानळ्या, चंचुपात्रं, शंकुपात्रं उंचीप्रमाणे मांडलेली. प्रत्येकीला हळदीचं एक बोट, त्याखाली कुंकवाचं एक. नारळ मात्र बाहेर पायरीवर फोडायचा, काचेपासून लांब. मग मुलं रांगेने येऊन हात जोडत, बत्तासा घेत आणि मागे न वळता निघून जात. नांगर आणि मशीन त्या एका दिवशी विसावा घेतात आणि दुसऱ्या दिवसापासून कामाला लागतात. भावजींच्या काचेला वर्षभर विसावा, आणि कामाचा दिवस तोच एक. हळदीकुंकवाची बोटंही पुसायची नाहीत. पुसायला गेलं तर धुवावं लागतं, आणि धुताना फुटतं. त्यामुळे त्या काचेवर वर्षानुवर्षांची पूजा थराथराने साचलेली होती.

गेल्या वर्षी भावजींच्या निवृत्तीचं वर्ष लागलं. मुख्याध्यापक पंडितराव मोठे उत्साही. त्यांनी वरच्या कचेरीत कुठेतरी शब्द टाकला होता की आमच्या शाळेला 'आदर्श प्रयोगशाळा' म्हणून पाटी मिळावी, आणि ती अवधूत सरांच्या निरोपाच्या दिवशी दारावर लागावी. भावजींच्या डोक्यात दुसरं काही राहिलंच नाही. एकही काच न फुटता चार्ज द्यायचा, ती पाटी आपल्या हाताने लावायची आणि घरी यायचं. बाकी आयुष्यात त्यांनी काही मागितलं नव्हतं. मुलगी प्राची पुण्यात नीट मार्गी लागलेली, घर आपलं. ही एकच गोष्ट हवी होती, आणि ती त्यांच्या हातात होती. म्हणजे जानव्यात होती.

मध्येच वरून नवं वारं आलं. मुलांनी आता हाताने करून शिकायचं. त्यासाठी परभणीत शिक्षकांचं प्रशिक्षण ठेवलं आणि मार्गदर्शक म्हणून बोलावलं कुणाला, तर सगळ्यात नीटनेटकी प्रयोगशाळा ज्यांची, त्यांना. भावजी इस्त्रीचा शर्ट घालून गेले. संध्याकाळी येऊन मोठ्या समाधानाने सांगत होते, "सगळं लिहून दिलं वहिनी त्यांना. 'कृतीतून शिक्षण म्हणजे काय', व्याख्या, फायदे, तोटे. दोन तास लिहीत होते बिचारे."

"कुणी काही करून बघितलं का?" मी विचारलं.

"एक पोरगा उठला होता. म्हणला, सर, एखादी कृती दाखवा. मी म्हणलं, बाबा, वेळ कमी हाय, आधी फायदे तर उतरवून घे." भावजी असं मधूनच शाळेच्या गावचं बोलतात. "मग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या."

पण टाळ्यांच्या मागोमाग निरोप आला. दसऱ्यानंतर साहेब तपासणीला येणार, आणि पाटी द्यायची की नाही ते ठरवणार. अट एकच, नववीच्या मुलांनी साहेबांसमोर स्वतःच्या हाताने प्रयोग करून दाखवायचा. भावजी दोन दिवस नीट जेवले नाहीत. सुमंगला खाली येऊन मला म्हणाली, "जाऊबाई, ह्यांना झोपेतसुद्धा काच फुटल्याचा आवाज येऊ लागलाय."

तिसऱ्या दिवशी भावजी हसत जिना उतरले. तोड सापडली होती. मुलांना प्रयोग पाठ करून घ्यायचा, कवायतीसारखा. आणि तालमीला काच घ्यायचीच कशाला? सटवाजी, शाळेचा शिपाई, गावातून कडब्याची पेंढी घेऊन आला. ज्वारीच्या धाटांचे वीतवीत तुकडे केले. ह्या परीक्षानळ्या. जाड बुंध्याचे आखूड तुकडे ही चंचुपात्रं. मग रोज शेवटच्या तासाला नववीचा वर्ग ओळीने उभा राहायचा. "एक!" की डाव्या हातात धाट. "दोन!" की उजव्या हाताने धाट तिरपं. "तीन!" की लिटमस बुडवल्यासारखं करायचं. "चार!" की सगळ्यांनी एका सुरात, "लाल लिटमस निळा झाला!" पंधरवड्यात पोरं अशी तयार झाली की एकाच्या हातून एक धाट खाली पडत नसे.

"वा," मी म्हटलं. "आणि धाटात ओतता काय?"

"ओतायचं कशाला? ओतलं की सांडतं."

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी ते खाली आले. दाराशीच घुटमळले.

"वहिनी, तुमच्याकडं धुण्याचा सोडा असंल का थोडा?"

"मोरीत आहे. का हो?"

"कपाट उघडून बघितलं जरा." त्यांनी मागे वळून जिन्याकडे बघितलं. मग हळूच म्हणाले, "बाटल्यांची झाकणं निघंनात. अल्कलीची तर काचेलाच चिकटून बसलीये. एका बाटलीत नुसता खडा राहिलाय. फुटू दिलं न्हाई काही, पण..." मी सोडा बांधून दिला, वर चार लिंबं दिली. सोडा आम्लारी म्हणून, लिंबू आम्ल म्हणून. बाटल्यांवर चिठ्ठ्या त्यांनी सुंदर अक्षरात लिहिल्या.

तपासणीच्या दिवशी मी आणि सुमंगला दोघीही गेलो. साहेबांना पथ्य होतं, बाहेरचं चालत नव्हतं, म्हणून पंडितरावांनी घरच्या फराळाची विनंती केली होती. पोह्यांचा डबा मांडीवर घेऊन आम्ही गाडीत बसलो. भावजी खिडकीपाशी, एक हात शर्टावरून छातीवर. बघणाऱ्याला वाटावं, देवाचं नाव घेताहेत. किल्ली चाचपत होते.

प्रयोगशाळेत मी त्या दिवशी पहिल्यांदा गेले. आम्हीही चपला बाहेर काढल्या. साहेबांनी पाटी वाचली, जरा थांबले, मग त्यांनीही बूट काढले. पंडितरावांचा चेहरा फुलला. आत पांढरं कापड, मांडलेली काच, आणि तिच्यावर परवाच्या पूजेची ताजी हळद-कुंकवाची बोटं. एका कोपऱ्यात पूजेचं तबक तसंच होतं.

साहेब म्हणाले, "फारच प्रसन्न वाटतं."

पोरं ओळीने उभी राहिली. "एक!" भावजी म्हणाले. डाव्या हातात काच. "दोन!" उजव्या हाताने चंचुपात्रातलं सोड्याचं पाणी परीक्षानळीत. आणि इथे पंधरवड्याची तालीम फसली. धाटाला तिरपं करायला पोरं शिकली होती, पण पाणी कसं ओतायचं ते हातांना कुणी शिकवलं नव्हतं. पाणी काठावरून सरळ बाहेरच्या अंगाने ओघळलं. बोटांवर, मनगटावर, कापडावर. पण पोरांनी शिस्त सोडली नाही. "तीन!" लिटमस बुडाला. लिटमसचे ते कागद भावजींच्या नोकरीच्या सुरुवातीचे. लाल कुठला, निळा कुठला हे देवालाही ओळखता आलं नसतं, सगळे पातळ चहाच्या रंगाचे. बुडवल्यावरही तसेच राहिले.

"चार!"

"लाल लिटमस निळा झाला!" अख्ख्या वर्गाने एका सुरात सांगितलं. सोड्याच्या पाण्याचं हेच निरीक्षण होतं, वहीत तसंच लिहिलं होतं.

"उत्कृष्ट," साहेब म्हणाले आणि लिहू लागले. त्यांनीही वहीतच बघितलं होतं. पंडितराव फोनवर फोटो काढत होते. पाटी अगदी दारापर्यंत आली होती. भावजींचा हात छातीवरून खाली आला.

"सर," मधल्या ओळीतून एक मुलगी म्हणाली. राजेश्री तिचं नाव, गावातल्याच शेतकऱ्याची लेक. "सर, लिटमस काईच झाला न्हाई. पण हळद लाल झालीय."

पंडितराव पटकन म्हणाले, "बाळ, पूजेचं कुंकू असतं ते. पसरलं असंल."

"कुंकू न्हाई ओ सर. कुंकू हे खाली हाय." तिने हातातलं चंचुपात्र वर धरलं. "हे वरचं बोट हळदीचं हाय. परवा मीच लावलं व्हतं. सोड्याचं पाणी वघळलं तिथंच लाल झालं. ह्या बाजूला न्हाई वघळलं, तिथं पिवळंच हाय, बघा की."

"सर, साहेबांना पुढं जायचंय," पंडितराव भावजींकडे बघून म्हणाले. आवाजात साखर होती आणि साखरेत दटावणी.

भावजी पुढे झाले. त्यांनी राजेश्रीच्या हातून चंचुपात्र काढून घेतलं आणि खिशातून रुमाल काढला. मला कळलं ते काय करणार आहेत. पुसून टाकणार. डाग गेला की प्रश्न गेला, साहेब बूट घालतील, पाटी लागेल. त्यांनी अंगठ्याने हळदीवर दाब दिला. अंगठा सोड्याच्या पाण्याने ओला होता. हळद पुसली गेली नाही, अंगठाच लाल झाला.

ते अंगठ्याकडे बघत राहिले. बराच वेळ. साहेबांनी घसा साफ केला. पंडितरावांनी घसा साफ केला. सुमंगलेने माझा हात दाबला.

मग भावजी तबकापाशी गेले, चिमूटभर हळद उचलली आणि सोड्याच्या पात्रात टाकली. पाणी लालभडक झालं. पोरांनी 'आ' केला. भावजींनी लिंबू पिळलं. फसफसून वर आलं, आणि फेस खाली बसला तसा रंग ओसरत ओसरत पुन्हा पिवळा.

"अगं बाई!" हे मी म्हटलं. मीच. रोज भाजीत हळद घालते मी, सांडलेली हळद साबणाने पुसताना फडकं लाल झालेलं हजारदा पाहिलं आहे, आणि डाग म्हणून धुऊन टाकलं आहे.

"परत करा सर!" मागून कुणीतरी ओरडलं.

"मी कशाला? तुमी करा!" भावजी म्हणाले. "या, या, सगळे पुढं या. हळद घ्या बोटावर. तू सोडा लाव. तू लिंबू. आता कोण सांगंल, आधी लिंबू आणि मग सोडा लावला तर काय होईल? वहीत बघू नका रे! बोटाकडं बघा!"

रांग मोडली. पोरं टेबलाभोवती अशी जमली की साहेब भिंतीला चिकटले. लाल, पिवळी, पुन्हा लाल बोटं. एक पोरगं स्वतःच्या नाकाला लावून बघत होतं. आणि त्या सगळ्या गलबल्यात भावजींनी हातातलं चंचुपात्र न बघता बाजूला ठेवलं. टेबल तिथे संपलेलं होतं.

खळ्ळ.

सगळं एकदम थांबलं. पोरं जमिनीकडे नाही, सरांच्या तोंडाकडे बघत होती. त्यांना ठाऊक होतं काय फुटलंय ते. सटवाजी दारात कपाळावर हात मारून उभा. मला वाटलं, हा माणूस आता खाली बसेल.

भावजींनी फुटलेल्या काचेकडे बघितलं. मग पोरांच्या पायांकडे. अनवाणी पाय, काचांच्या मधोमध.

"कुणी हलू नका," ते म्हणाले. "सटवाजी, सगळ्यांच्या चपला आत आण."

"आत, सर?" सटवाजीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "प्रयोगशाळेत?"

"आत. आणि साहेबांचे बूटपण."

अशा रीतीने त्या प्रयोगशाळेत पहिल्यांदा चपला आल्या. सटवाजीने काचा गोळा केल्या. तोवर पोरांनी चपला घालून पुन्हा हळद हातात घेतली होती.

साहेबांनी पोहे खाल्ले, छान झालेत म्हणाले, आणि शेरा लिहून गेले. साहित्याची मोडतोड. पादत्राणांबाबत शिस्तीचा अभाव. विद्यार्थ्यांचे हात अस्वच्छ. सुधारणेस बराच वाव. मुलांनी लिटमसचं निरीक्षण मात्र अचूक सांगितलं, याचा त्यात गौरवपूर्वक उल्लेख होता.

पाटी गेली. परतीच्या गाडीत रिकामा डबा वाजू नये म्हणून मी त्यावर पदर टाकून बसले होते. भावजी खिडकीबाहेर बघत होते. स्टेशन दिसायला लागलं तेव्हा म्हणाले, "वहिनी, मी विसरलोच होतो."

"काय हो?"

"की वहीतलं ते खरंच घडतं म्हणून." आणि लाल अंगठा दुसऱ्या हाताने चोळत बसले.

पुढचे सहा महिने घरात जे चाललं त्याला सुमंगला 'उपद्व्याप' म्हणते. तिच्या देवपूजेची जास्वंद सकाळी गायब व्हायची, फुलांचा रस निळ्या-जांभळ्या बाटल्यांतून पिंगळीच्या गाडीने शाळेत जायचा. कांद्याची सालं फेकायची नाहीत, चिंचेचा कोळ जपून ठेवायचा, पानवाल्याकडून चुना आणायचा. नववीची पोरं घरून चुलीतली राख आणून तपासत. राजेश्रीने एकदा म्हशीचं मूत आणलं, त्या दिवशी भावजींनी मात्र हात जोडले. शाळेत पंडितराव आधी चार दिवस रुसले आणि पाचव्या दिवशी आपली बोटं लाल करून गेले. काच फुटत राहिली. दर वेळी भावजी घरी येऊन सांगायचे, आणि सांगताना ज्या चेहऱ्याने सांगायचे त्यावरून सुमंगलेला वाटायचं, ह्यांना बढती मिळाली.

एप्रिलच्या अखेरीस निरोपाचा कार्यक्रम झाला. मांडव, हार, शाल, नारळ. पंडितराव बोलायला उभे राहिले. माणूस चांगला, पण भाषण त्यांनी आधीच्या वर्षी लिहून ठेवलेलं असावं. म्हणाले, "अवधूत सरांचं वैशिष्ट्य काय सांगावं! एवढ्या वर्षांच्या सेवेत त्यांच्या प्रयोगशाळेतली एकही काच फुटली नाही!"

टाळ्या पडायला लागल्या. भावजी खुर्चीतून उठले. पंडितरावांच्या हातातून माईक घेतला, घाईने नाही, रोज खडू घ्यावा तसा.

"एक दुरुस्ती," ते म्हणाले. "चार फुटल्या."

टाळ्या थांबल्या. गावकरी एकमेकांकडे बघू लागले. भावजी ताठ उभे, बढती मिळाल्याच्या चेहऱ्याने.

"पाच, सर!" मागून राजेश्रीचा आवाज आला. "एक मी फोडली, तुमाला सांगितली न्हाई!"

"पाच," भावजी माईकमध्ये म्हणाले. "नोंद घ्यावी."

मांडव हसून हसून कोसळायचा बाकी होता.

शाळेने भेट म्हणून सरबताच्या सहा ग्लासांचा संच दिला, जाड काचेचा, नक्षीचा, खोक्याला लाल रिबीन. आपल्याकडे असा संच मिळाला की तो शोकेसमध्ये जातो आणि पाहुण्यांना बाहेरून दिसतो. भावजी संध्याकाळी तो घेऊन सरळ माझ्या स्वयंपाकघरात आले. शर्टाची वरची बटणं उघडी होती. जानवं नुसतंच होतं, हलकं.

"वहिनी, चहा यातच द्या."

"अहो, चांगला संच आहे. आणि सरबताचा आहे."

"म्हणूनच म्हणतोय. द्या."

मी उकळता चहा पहिल्या ग्लासात ओतला. टच्च. बुडापासून काठापर्यंत चीर गेली आणि चहा ओट्यावर पसरला. सुमंगला दारातून म्हणाली, "घ्या! पहिल्याच दिवशी!"

भावजी ओट्यावर वाकले, चीर कुठून कुठे गेली ते बोट न लावता नीट बघितलं.

"जाड काच," ते म्हणाले. "आतली बाजू एकदम तापली, बाहेरची गारच. दोघींचं जमलं न्हाई." मग त्यांनी खोक्यातून दुसरा ग्लास काढला आणि माझ्यापुढे ठेवला. "आता आत चमचा ठेवा, वहिनी, आणि ओता. बघू काय होतंय."